कुत्र्याला घातलेलं सूप

आमोस काकाने मरायच्या आधी एकच गोष्ट मागितली आणि लुवेनिया काकूने ती त्याच्या तोंडावर नाकारली.

"गाबोळीचं सूप कर," तो म्हणाला.

"नाही करणार."

"एक वाडगा."

"एक चमचासुद्धा नाही. भात खा, भेंडी खा, तळलेला मासा मागितलास तर आत्ता तळते. ते सूप या घरात शिजणार नाही. तू मेलास तरी नाही."

"मेल्यावर कशाला करशील? खायला मी नको का? आत्ता कर."

काकू पाय आपटत बाहेर गेली आणि अंगणातल्या कोंबड्यांवर ओरडली. कोंबड्यांनी काही केलं नव्हतं. पण काकूच्या रागाला कुणी काही करावं लागत नसे. समोर असणं पुरे होतं.

मी नेटी, काकाच्या धाकट्या भावाची मुलगी. ब्यूफर्ट शहरासमोरच्या सेंट हेलेना बेटावर आमचं केपर्स घराण्याचं एकच अंगण, त्याच्या कडेने चार घरं. एका घरात शिंकलं की दुसऱ्या घरातून आशीर्वाद येतो. एका घरात पातेलं चढलं की चारही घरांत वाडगा जातो. आमच्या घराण्यात सगळ्यांचीच डोकी तापट, माझं धरून. थंड डोक्याचा माणूस एकच, आमोस काका. आणि काकूला आयुष्यभर सगळ्यात जास्त राग आला तो त्या थंड डोक्याचाच.

त्या मार्चमध्ये ब्यूफर्टच्या डॉक्टरांनी काकाला घरी पाठवून दिलं. हृदय थकलंय, म्हणाले, आता त्याला हवं ते खाऊ द्या. पाय सुजून भोपळे झाले होते. दोन उशांच्या आधाराशिवाय त्याला श्वास घेता येत नव्हता. ज्या माणसाने जन्मभर खाडीत होडी वल्हवली, त्याला खाटेवरून दारापर्यंत जाता येईना. आणि मार्च म्हणजे माद्यांचा महिना. खाडीतल्या मादी खेकड्यांची पाठ उचलली की आत केशरी गाबोळी, म्हणजे अंडी, गच्च भरलेली असते. ती काढून सुपात चोळली की सूप केशरी होतं. नराचं सूप होत नाही असं नाही, पण त्याला कुणी विचारत नाही.

आता तर ब्यूफर्टमध्ये प्रत्येक हॉटेलाच्या पाटीवर ते सूप असतं. मैद्याची खळ करतात, वर गाजराचा रंग टाकतात आणि पाहुण्यांना सांगतात, इथल्या जुन्या घरांमधली खास पाककृती! जुन्या घरांमधली म्हणे. घरं काय चुलीपाशी उभी राहत होती? चुलीपाशी आमच्या काळ्या बायका उभ्या होत्या. ती पाटी वाचली की माझं पित्त खवळतं, म्हणून मी त्या रस्त्याने जातच नाही.

लुवेनिया काकू त्या बायकांपैकीच एक. लग्न झाल्यापासून केस पिकेपर्यंत ती ब्यूफर्टला खाडीकाठच्या थॉर्नवेल बंगल्यात स्वयंपाकाला होती. मालकीण मिस ऑगस्टा. आवाज मधाचा आणि नजर सोनाराच्या काट्याची. वसंतात दर शुक्रवारी तिच्याकडे पाहुणे यायचे आणि सूप व्हायचं. त्यासाठी माद्या आणून देणारा कोळी कोण? आमोस काका. पहाटे तो खाडीतून यायचा, ओल्या पोत्यात खेकडे घेऊन मागच्या दाराशी उभा राहायचा. जाळीचं दार उघडायची ती काकू. खेकडा उलटा करून पोटावरचं झाकण बघायचं, गोल असेल तर मादी, लांबट असेल तर नर. काकू बघायची, मागे मिस ऑगस्टा उभी राहून म्हणायची, "फक्त माद्या हं, लुवेनिया." नर परत पोत्यात. ते आमच्या घरी यायचे, आम्ही मिरची घालून उकडून खायचो आणि बोटं चाटायचो.

नवराबायको जाळीच्या दोन बाजूंना. तो म्हणायचा, "मॉर्निंग." ती म्हणायची, "मॉर्निंग, आमोस." जास्त बोलायची सोय नव्हती. ही दोघं एका घरात झोपतात हे मिस ऑगस्टाला माहीत नव्हतं असं नाही. तिला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आता डब्याचं. त्या काळी शहरातल्या सगळ्याच बंगल्यांमध्ये रिवाज होता, स्वयंपाकीण संध्याकाळी घरी निघाली की उरलंसुरलं एका डब्यात घालून न्यायची. मालकिणींना तो दानधर्म वाटायचा. आमच्या बायकांना तो आपल्याच पगाराचा राहिलेला तुकडा वाटायचा, कारण पगार म्हणून जे मिळायचं त्याला पगार म्हणायला जीभ वळत नसे. भात न्या, हाडं न्या, करपलेली भाकरी न्या. सूप मात्र न्यायचं नाही. ते उरलंच तर दुसऱ्या दिवशी मिस ऑगस्टा दुपारी एकटीच प्यायची.

काकूची मुलगी वर्डेल तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. तिला तापाने धरलं होतं. कितीतरी दिवस पोर काही खात नव्हती. भात तोंडात घातला की थुंकायची. आणि त्या शुक्रवारी सकाळी काकू निघताना तिने काकूचा झगा धरला आणि म्हणाली, "आई, तुझ्या अंगाला वास येतो ना, तो मला खायचाय."

काकूने त्या दिवशी सूप केलं, पाहुण्यांना वाढलं आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेली एक पळी डब्यात ओतली. चोरून नाही. काकूने आयुष्यात चोरून काही केलं नाही, तिचा स्वभावच तसा नाही. डबा टेबलावर उघड ठेवला होता. मिस ऑगस्टा आली, झाकण उचललं आणि मधाच्या आवाजात म्हणाली, "लुवेनिया, हे नाही. भात ने, हे नाही."

"पोर आजारी आहे, मॅम."

"मग तिला हलकं काहीतरी दे. यातली साय बाधेल तिला."

साय बाधेल! तिच्या स्वतःच्या पोरांना कधी बाधली नाही. मिस ऑगस्टाने डब्यातलं सूप एका कपात ओतलं आणि कप घेऊन मागच्या पडवीत गेली. मागच्या पडवीत तिचा कुत्रा बांधलेला असायचा, ड्यूक नावाचा, कान लोंबणारा. काकूने आतून कप ठेवल्याचा आवाज ऐकला. जरा वेळाने मिस ऑगस्टा रिकामा कप घेऊन आली आणि घासायला ठेवून गेली. काकूने तो घासला.

त्या संध्याकाळी काकूने घरी येऊन सगळं सांगितलं. माझ्या पोरीच्या तोंडचं काढून त्या बाईने कुत्र्याला घातलं, म्हणाली. मी उद्या जाऊन तिच्या तोंडावर सांगते, नोकरी गेली खड्ड्यात. आमोस काका चुलीपाशी बसला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "जाऊ दे, लुवेनिया."

एवढंच.

वर्डेलचा ताप उतरला. ती वाढली, शिकली, फिलाडेल्फियाला गेली, आणि आता तिला खेकड्याचा वासही सहन होत नाही. ती सगळं विसरली. काकू नाही विसरली. नोकरी तिने सोडली नाही, कारण सोडून खाणार काय? पण त्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या. त्या सुपाचा थेंब तिने पुन्हा जिभेला लावला नाही. मीठ बघायचं झालं तरी वासावर बघायची. आणि काकाशी तिने संसार केला, पोरं वाढवली, त्याच्या विजारी धुतल्या, पण त्याच्याशी एक वाक्य सरळ बोलली नाही. "जाऊ दे म्हणणारा नवरा," ती आम्हाला सांगायची, त्याच्या देखत. आणि त्या कुत्र्याला तिने दिलेल्या शिव्या! जेवताना, कपडे वाळत घालताना, चर्चमधून परत येताना. त्याच्या नरड्यात काटा अडकला असता तर. त्याची जीभ झडली असती तर. माझ्या लेकराचा घास गिळला त्या मेल्याने, त्याला कधी पोटभर मिळू नये. आम्ही पोरं ते पाढ्यांसारखं पाठ म्हणायचो. ड्यूक मरून किती वर्षं झाली, मिस ऑगस्टाही गेली, तरी शिव्या चालूच. काका ऐकायचा आणि जेवत राहायचा.

तर आता कळलं ना, ती नाही का म्हणाली.

पण काकाही हट्टाला पेटला होता. रोज सकाळी मागायचा. कधी काही न मागणारा माणूस! आम्ही सगळ्यांनी काकूला विनवून पाहिलं. माझी आई म्हणाली, अगं, मरणाऱ्या माणसाला नाही म्हणू नये, मनात काही राहिलं तर परत येऊन दार वाजवतो. काकू म्हणाली, "वाजवू दे. तेवढा तरी आवाज करेल."

मला संताप आला. काकूचा, मिस ऑगस्टाचा आणि सगळ्याचाच. म्हटलं, सूपच ना? करते मी. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवायला घालते, मला काय अवघड आहे? ओहोटी लागल्यावर मी खाडीच्या काठाला गेले, कोंबडीच्या माना दोरीला बांधून पाण्यात सोडल्या, आणि दुपारपर्यंत टोपलीभर खेकडे काढले. एकीची अंडी पोटाबाहेर आली होती, तिला सोडून दिलं. तिला धरायची बंदी करणारा सरकारी कायदा नंतर आला, आमच्याकडे तिला आधीपासूनच कुणी हात लावत नाही. बाकीच्या माद्या घरी आणल्या, निम्म्या उकडल्या, सोलल्या, लोणी वितळवलं, दूध घातलं. घाई होती म्हणून आच मोठी ठेवली.

दूध फाटलं. मग खाली लागलं. तो वास अंगण ओलांडून गेला असणार, कारण काकू पायात चप्पल न घालता माझ्या स्वयंपाकघरात आली. पातेल्यात डोकावली. मग माझ्याकडे बघितलं. मी तिचा राग जन्मापासून पाहत आले होते, पण तसा कधी पाहिला नव्हता.

"हे काय आहे?"

"सूप."

"हे सूप? असलं तर डुकरांनीसुद्धा उलटवून टाकलं असतं! हे तू त्याला पाजणार होतीस? आणि तो काय म्हणाला असता, लुवेनिया बंगल्यात जन्मभर हेच ढवळत होती?"

"मग तू कर ना! तोंड चालवतेस नुसतं!"

माझ्या तोंडून निघून गेलं. काकूने पातेलं उचललं, मागच्या दारातून सगळं मांजरांपुढे फेकलं, परत आली आणि म्हणाली, "राहिलेल्या माद्या कुठायत? आण. आणि बाजूला हो, मधे मधे करू नकोस."

तिने रागात सूप केलं. तुम्हाला वाटेल रागात केलेलं अन्न बिघडतं. काकूचं नाही बिघडत, तिला दुसऱ्या कुठल्या मनाने स्वयंपाक येतच नव्हता. पातेली आपटत होती, पण आच इतकी मंद की ज्योत दिसेना. कवचं आधी उकळून त्याचं पाणी काढलं. मैदा मी पुढे केला तो तिने ढकलून दिला आणि तांदळाचं पीठ लोण्यावर परतलं. साय एका हाताने धारेने, दुसरा हात ढवळत. जायपत्री चिमूटभर. गाबोळी तिने सगळ्यात शेवटी बोटांनी चुरून घातली, आणि पांढरं सूप बघता बघता केशरी झालं. पूर्ण वेळ तिचं तोंड चालूच होतं, मिस ऑगस्टा, कुत्रा, मी, काका, डॉक्टर, कुणालाही सोडलं नाही. चव तिने घेतली नाही. वास घेतला आणि मीठ घातलं.

"वरून घालायला शेरीची दारू नाही आपल्याकडे," मी म्हटलं.

"पास्टरसाहेबांच्या घरी आहे. खोकल्याची म्हणून ठेवतात. जा, माग, आणि नाही म्हणाले तर म्हणावं लुवेनिया स्वतः येते मागायला."

पास्टरसाहेबांनी बाटली लगेच दिली.

चारही घरांत वाडगे गेले. मग एक काकासाठी. काकूने तो स्वतः नेला, मी मागे पातेलं घेऊन उभी. तिने त्याच्या पाठीशी उशी खोचली, जरा जोरातच, आणि वाडगा त्याच्या हातात दिला.

"घे. झालं समाधान?"

काकाने एक चमचा घेतला. मग दुसरा. डोळे मिटले. थोडं सूप गोधडीवर सांडलं, काकूने एप्रनचा कोपरा घेऊन ते पुसलं आणि पुटपुटली, "पोरीच्या तोंडचं कुत्र्याला घातलं त्या बाईने."

"तो कुत्रा नव्हता, लुवेनिया," काका म्हणाला. "मी होतो."

काकूचा हात गोधडीवर तसाच राहिला.

"सकाळी माद्या ज्या टोपलीत ठेवून गेलो ती परत न्यायला आलो होतो त्या संध्याकाळी. पडवीत उभा होतो. ती बाहेर आली, कप कठड्यावर ठेवला, हळूच म्हणाली, आमोस, घे, दिवसभर उपाशी असशील. मी घेतलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मला काय माहीत कुणाचं होतं ते? मला वाटलं, बाई चांगली आहे." त्याला धाप लागली, तो थांबला. "घरी आलो, आणि तू सांगायला लागलीस. माझ्या तोंडात अजून चव होती."

"आणि तू म्हणालास जाऊ दे."

"दुसरं काय म्हणू?"

काकू उठली. पुन्हा बसली. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"सगळं प्यायलास?"

"हो."

"एक घोट पोरीसाठी ठेवावासा नाही वाटला?"

"कप परत द्यायचा होता. ती दारात उभी होती. उभ्या उभ्या प्यायलो."

"मग आजवर का नाही बोललास?"

"रोज ठरवायचो. तू रोज त्या कुत्र्याला शिव्या द्यायचीस, मग धीर व्हायचा नाही. म्हटलं, एकदा ती चव परत तोंडात आली तर तोंड उघडेल."

काकू एकदम ओरडली, इतक्या मोठ्याने की मी पातेलं खाली ठेवलं. "अरे, मी त्या मुक्या जनावराला लाथा मारल्या! शेपटी हलवत यायचं ते माझ्याकडे, मी रोज लाथ घालायचे! कशासाठी? एका कुत्र्याचा तळतळाट घेतला मी डोक्यावर, आणि खाणारा माझ्या पानाशी बसून भात खात होता! आणि ती भवानी! माझ्यापासून हिसकावून माझ्याच नवऱ्याला भीक घातली, आणि वर पुण्य कमावलं! तिला माहीत होतं! तुला नव्हतं माहीत, मला नव्हतं, तिला माहीत होतं!"

काकाने अर्धा राहिलेला वाडगा तिच्यापुढे धरला, बहुतेक परत द्यायला. काकूने तो हिसकावला. मला वाटलं आता भिंतीवर जातो. तिने पातेल्यातून पळी घातली, दुसरी घातली, वाडगा काठोकाठ भरला आणि खाटेच्या कडेला बसली.

"तोंड उघड," ती म्हणाली.

त्याने उघडलं. तिने चमचा आत घातला. "तुझ्या नरड्यात काटा अडकला असता, आमोस केपर्स." दुसरा चमचा. "तुझी जीभ झडली असती." तिसरा. "माझ्या लेकराचा घास गिळलास, मेल्या, तुला कधी पोटभर मिळू नये." एकही शिवी तिने गाळली नाही. आम्हाला सगळ्या पाठ होत्या, त्याच क्रमाने आल्या, फक्त आता त्या बरोबर माणसाला मिळत होत्या, आणि प्रत्येक शिवीमागे एक चमचा, ओठाला चटका बसू नये म्हणून फुंकर घालून. काका रडत होता आणि गिळत होता. तीही रडत होती, पण आवाज तिने एकदाही खाली आणला नाही.

वाडगा संपला. तिचं काही संपलं नव्हतं. वाडगा तिने न बघताच मागे माझ्याकडे केला.

"नेटी, भर अजून," ती म्हणाली. "याला आज मी पोटभर घालणार आहे."